शनिवार पेठेतून रविवारच्या बेटावर

"कुठे निघालात?" या प्रश्नाचं उत्तर शनिवार पेठेत एका शब्दात देता आलं पाहिजे. काशी, चारधाम, अंदमान, अमेरिका. अमेरिका म्हटलं की "मुलाकडे का?" एवढं विचारून माणूस पुढे जातो. मी "डॉमिनिका" म्हटलं तेव्हा मात्र खालच्या मजल्यावरचे काका जिन्यातच थांबले. दुधाची पिशवी या हातातून त्या हातात गेली.

"डॉमिनिकन रिपब्लिक?"

"नाही काका, तो वेगळा देश."

"मग तो हिरेवाला पकडला होता, तो?"

तोच. २०२१च्या मे महिन्यात मुंबईचा एक हिरेव्यापारी तिथे पकडला गेला आणि काही दिवस आपल्या वाहिन्यांवर त्या बेटाचा नकाशा गरगरत होता. काकांच्या लेखी त्या देशाची कमाई तेवढीच. "पण तिथे आहे काय बघण्यासारखं?" असं म्हणून ते दार लावून आत गेले. उत्तराला थांबले नाहीत, म्हणून ते आता लिहून देते आहे.

खरं सांगायचं तर मलाही आधी ठाऊक नव्हतं. पेठेतल्याच एका शाळेत मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. वर्गातल्या नकाशावर कॅरिबियन समुद्राच्या पूर्वेच्या कडेला बेटांची एक ओळ होती, शाईचं पेन झटकल्यावर उडावेत तशा ठिपक्यांची. मुलींकडून क्यूबा, जमैका, हैती, त्रिनिदाद एवढं पाठ करून घ्यायचं आणि पुढे "इत्यादी" म्हणायचं. डॉमिनिका माझ्या "इत्यादी"त होतं. निवृत्तीनंतर भाचीने बार्बाडोसला बोलावलं. ती तिथे एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते. "मावशी, बार्बाडोस चार दिवसांत संपेल," ती फोनवर म्हणाली, "सपाट आहे सगळं. तुला डोंगर लागतात. तू डॉमिनिकाला जा." २०२४च्या मार्चमध्ये आम्ही दोघं निघालो, मी आणि नवरा. तो क्रिकेटसाठी आला होता, ते पुढे येईलच.

या बेटाचं नाव म्हणजे रविवार. ३ नोव्हेंबर १४९३ या दिवशी, दुसऱ्या सफरीत, कोलंबसाला ते समुद्रातून दिसलं. रविवार होता, म्हणून लॅटिनमधलं रविवारचं नाव त्याने बेटाला देऊन टाकलं आणि न उतरता पुढे गेला. साताही वारांच्या पेठा वसवलेल्या गावातल्या बाईला यात नवल वाटायचं कारण नव्हतं. नवल एवढंच, की नाव ठेवायला तो आला तेव्हा बेटाला नाव होतंच. तिथले कालिनागो लोक त्याला वाइतुकुबुली म्हणत. अर्थ साधारण असा, की उंच आहे तिचा देह. आमच्या पेठेलाही शनिवार म्हणायच्या आधी मुर्तजाबाद म्हणत, हे आज पेठेत किती जणांना माहीत आहे? बेटाचं नाव म्हणताना मात्र "डॉमिनीका" म्हणायचं, जोर "नी"वर. "मि"वर जोर दिलात तर टॅक्सीवाला हसत हसत दुरुस्त करतो, आणि पुण्याच्या माणसाला दुरुस्त करून घ्यायची सवय नसते.

मुंबईहून लंडन, लंडनहून बार्बाडोस आणि तिथून पंख्याचं छोटं विमान. भारतीय पासपोर्टाला डॉमिनिकाचा व्हिसा लागत नाही. शिक्का मारणाऱ्या बाईंनी माझ्याऐवजी माझ्या बुटांकडे पाहिलं आणि "बॉयलिंग लेक?" एवढंच विचारलं. मी मान डोलावली. त्यांनीही डोलावली, जरा काळजीने.

बेटाची लांबी ४७ किलोमीटर, म्हणजे पुण्याहून शिरवळला पोचावं एवढी. क्षेत्रफळ ७५० चौरस किलोमीटर. पुणे जिल्ह्यात अशी वीस बेटं बसतील. लोकसंख्या सत्तर हजारांच्या आसपास. पण विमानातून खाली पाहिल्यावर हे आकडे खोटे वाटतात, कारण सपाट जागा जवळपास नाहीच. कोलंबसाला स्पेनच्या राजाराणीने बेट कसं आहे असं विचारलं, तेव्हा त्याने एक कागद घेतला, मुठीत चुरगळला आणि टेबलावर टाकला, अशी गोष्ट तिथे प्रत्येक गाईड सांगतो. खरी असो वा नसो, भूगोलाच्या तासाला यापेक्षा चांगलं साधन मला सापडलं नसतं. मॉर्न डायब्लोटिन्स हे सर्वांत उंच शिखर १,४४७ मीटर, आपल्या तोरण्यापेक्षा थोडंसंच उंच. मात्र तोरणा समुद्रापासून कितीतरी आत आहे. इथे समुद्राला पाठ लावून उभं राहिलं की समोर डोंगरच.

विमानतळ ईशान्येला, राजधानी रोझो नैर्ऋत्येला. रस्ता वळणांचा, गाड्या डाव्या बाजूने, हॉर्न मुक्तहस्ते. वरंधा घाटात वाढलेल्या पोटाला तो मानवला. दर पाच मिनिटांनी पूल आणि पुलाखाली नदी. वर्षात जितके दिवस तितक्या नद्या, म्हणजे ३६५, असं तिथे सगळे म्हणतात. मोजल्या कुणी, हे विचारायचं नसतं. आपणही पाचगंगांचं पाणी एका गोमुखातून येतं म्हणून सांगतो.

पहिल्या रात्री गेस्टहाऊसच्या मालकीणबाईंना मी भीत भीत सांगितलं, मांस-मासे नाही. बाई म्हणाल्या, मग कॅलालू. वाडग्यात घट्टसर हिरवं काहीतरी आलं. एक चमचा तोंडात घातला आणि मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानेही माझ्याकडे पाहिलं. अळू! नारळाच्या दुधात शिजवून घोटलेलं अळू. चिंच-गूळ नाही, दाणे नाहीत, मुळा नाही, पण पोत आणि रंग तंतोतंत लग्नाच्या पंगतीतल्या फदफद्याचा. तिथे त्याला दशीनची पानं म्हणतात आणि कंद उकडून जेवणात भाताच्या जागी खातात. पद्धतीप्रमाणे त्यात खेकडा पडतो. आमच्यासाठी तो वगळला होता. २०१३ साली कॅलालूला राष्ट्रीय पदार्थ ठरवलं. त्याआधी तो मान "माउंटन चिकन"ला होता. डोंगरी कोंबडी नव्हे, बेडूक. किलोभर वजनाला पोचणारा, फक्त याच बेटावर आणि शेजारच्या माँटसेराटवर उरलेला बेडूक. २००२ नंतर बुरशीच्या रोगाने तो इतका झपाट्याने मेला की आता रानात दिसला तर बातमी होते. राष्ट्रीय पदार्थाच्या ताटातून बेडूक उतरला आणि अळू चढलं. लग्नात अळू परत पाठवणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

आता बॉयलिंग लेक. उकळता तलाव.

बेटावर नऊ जिवंत ज्वालामुखी आहेत, म्हणजे जे पुन्हा जागे होऊ शकतात असे. मधल्या डोंगराळ भागाचं मॉर्न त्र्वा पितों राष्ट्रीय उद्यान १९९७ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. आपल्या पश्चिम घाटाला तो मान २०१२ साली मिळाला. मी शिकवायचे की आपला सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, थरावर थर बसून थंड झालेला. मुली "हो बाई" म्हणायच्या. त्यांनाही पटत नव्हतं आणि मलाही ते दिसत नव्हतं. दगड दगडच दिसतो. इथे स्वयंपाक अजून चालू होता.

लोदा नावाच्या वरच्या गावातून, टिटू गॉर्जच्या घळीपासून वाट सुरू होते. जाऊन-येऊन तेरा किलोमीटर आणि सहा-सात तास. तेरा किलोमीटर ऐकून मी मनात सिंहगडाचा हिशोब मांडला होता. दर रविवारी चढणारीला काय त्याचं! हिशोब चुकला. सिंहगडाला एक चढ आहे. इथे चढ, मग ओढ्यापर्यंत उतार, मग त्याहून मोठा चढ, मग त्याहून वाईट उतार, आणि परत येताना हेच सगळं उलट. वाटेत ना ताक, ना काकडी, ना "या ताई, पिठलं-भाकरी". मधे एक नदी लागते, तिचं नावच ब्रेकफास्ट रिव्हर. तिथे बसून डबा खायचा आणि बाटल्या भरून घ्यायच्या. आम्ही पोळीचा लाडू खाल्ला. आमच्या गाईडने, तेवीस वर्षांच्या पोराने, एक घास मागून घेतला आणि गुळाची चव ओळखली. उसाच्या बेटावरचा मुलगा तो.

झाडी आपल्याकडच्या भीमाशंकरसारखी, फक्त तिला कुणीतरी दुप्पट पाणी घातलेलं. शेवाळ, नेचे, झाडावर झाड. पाऊस येतो, जातो, पुन्हा येतो. कुणी थांबत नाही. पायऱ्या म्हणजे मातीत रुतवलेले लाकडी ओंडके, गुडघ्यापर्यंत उंच. मॉर्न निकोल्सच्या माथ्यावर पोचलो तेव्हा समोर दरीतून वाफेचे लोट उठताना दिसले. "तिथे," गाईड म्हणाला. नवऱ्याने विचारलं, "अलीकडच्या वाफेला की पलीकडच्या?" उत्तर अर्थातच पलीकडच्या.

मधली दरी म्हणजे व्हॅली ऑफ डेसोलेशन. उतरायला लागलो आणि वास आला. गंधकाचा वास म्हणजे सडक्या अंड्याचा, असं पुस्तकात असतं. आमच्या वर्गात अंडं सडेपर्यंत ठेवणारं घर एकही नव्हतं, त्यामुळे ती उपमा फुकट जायची. मी इथे सांगते: पादेलोण. पादेलोणाचा डबा उघडून आत डोकं घातलं की येईल तो वास, आणि तो तासभर. हिरवं एकदम संपलं. पांढरी, पिवळी, विटकरी, काळी माती. एक ओढा दुधट निळा, दुसरा शाईसारखा काळा, आणि दोन्ही गरम. जागोजागी जमिनीला भोकं, त्यातून फुसफुस, कुठे बुडबुड. एका भोकाशी बसून कान दिला तर आत चक्क भात शिजत असल्यासारखा आवाज. गाईडने पिशवीतून चार अंडी काढून एका उकळत्या डबक्यात सोडली. घरात आम्ही अंडं आणत नाही, बाहेर चालतं. आणि ज्वालामुखी हे नक्कीच बाहेर. मीठ लागलं नाही, की वासानेच तसं वाटलं, कोण जाणे.

इथेच माझा उजवा बूट गेला. तळवा टाचेकडून सुटला आणि चालताना टाळ्या वाजवू लागला. नवाकोरा, पुण्यात घेतलेला. दुकानाचं नाव सांगत नाही, चूक माझीच, चिकटवलेला तळवा घेऊन कोण असल्या वाफेत शिरतं? गाईड वेल शोधायला निघाला. मी पिशवी उपसली. औषधं, टॉर्च, खडीसाखर आणि तळाशी, का कुणास ठाऊक, पेटीकोटची एक सुटी नाडी. ती बुटाभोवती तीन वेढे आणि वर गाठ. पोराने ती गाठ दोनदा ओढून पाहिली आणि या दोरीला तुमच्या भाषेत काय म्हणतात, असं विचारलं. पुढच्या सबंध वाटेवर तो "नाडी, नाडी" म्हणत होता. उच्चार चांगला होता.

तलाव पहिल्यांदा दिसलाच नाही. कड्याच्या टोकाशी उभं केलं होतं, कठडा-बिठडा काही नाही, आणि समोर नुसती पांढरी वाफ. आवाज मात्र होता, मोठ्या हंड्याला आधण आल्यावर येतो तसला, खालच्या पट्टीतला. दहा मिनिटं गेली. मग वाऱ्याने एकदम वाफ बाजूला सारली. खाली गोलसर खड्डा, साठेक मीटर रुंद, काठाला राखी माती आणि आत राखी-निळं पाणी. मध्यभागी ते पाणी खालून वर उसळत होतं. नुसते बुडबुडे नव्हेत. सबंध पाणी मधोमध फुगून वर येत होतं आणि कडेला पसरत होतं. काठाजवळचं तापमान ८२ ते ९२ अंश सेल्सिअस मोजलेलं आहे. मध्ये मोजायला कोण जाणार? खालच्या शिलारसाची उष्णता आणि वायू भेगेतून वर येतात, वर पाऊस आणि ओढ्यांचं पाणी साचलेलं, म्हणून हे आधण. गरम तलावांत याहून मोठा फक्त न्यूझीलंडमधला फ्राइंग पॅन लेक. २००४च्या अखेरीला हा तलाव अचानक आटला, आणि काही महिन्यांनी परत भरला, उकळू लागला. राजवाडी-तुरळच्या कुंडांत मी पाय सोडून बसलेली आहे, उन्हवऱ्यालाही गेले आहे. तिथे वाटतं, पाणी गरम आहे. इथे वाटलं, जमीन गरम आहे. एकतीस वर्षं "भूगर्भातील उष्णता" हे शब्द मी फळ्यावर लिहिले. मला वर्गातल्या त्या सगळ्या "हो बाई" आठवल्या आणि थोडी लाजही वाटली.

वाफ पुन्हा आली. आणखी पंधरा मिनिटं थांबलो, पण दुसऱ्यांदा तसं उघडलं नाही.

परतताना दरीच्या एका कोपऱ्यात गरम ओढ्याचा डोह होता. त्यात गळ्यापर्यंत बसले. गुडघ्यांनी त्या दिवसात पहिल्यांदाच तक्रार थांबवली. गाईडने वर हात करून दाखवलं, रोपवे येणार आहे. रोझोच्या दरीतून थेट तलावापर्यंत तारेवरचे पाळणे. काम चालू होतं. "तुझं काय मग?" मी विचारलं. तो म्हणाला, म्हातारी माणसं तरी येतील. मग माझ्याकडे पाहून गप्प झाला. रायगडाच्या रोपवेवरून आपल्याकडे घराघरात दोन तट पडतात. माझं मत पायऱ्यांच्या बाजूचं, मात्र ते मत मी गुडघे गरम पाण्यात बुडवून बनवलं आहे, हेही सांगितलं पाहिजे.

तो पोर बोलताना सारखं "मारियाच्या आधी" आणि "मारियाच्या नंतर" म्हणत होता. ही वाट मारियाच्या आधी सोपी होती. आजीचं घर मारियाच्या आधी दुमजली होतं. मी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होतो, मारिया झाली आणि परीक्षा राहिली. १८ सप्टेंबर २०१७च्या रात्री मारिया नावाचं चक्रीवादळ पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीत या बेटावर आलं. वारा ताशी २६० किलोमीटरच्या वर. पंतप्रधानांच्याही घराचं छप्पर उडालं आणि ते त्यांनी फेसबुकवर लिहिलं. पासष्ट माणसं मेली किंवा कायमची बेपत्ता झाली. बहुतेक घरांची छपरं गेली. नुकसान देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त. पण पोराला आठवत होतं ते वेगळंच. सकाळी दार उघडलं तर डोंगर तपकिरी होते. एकाही झाडाला पान नव्हतं. जन्मापासून हिरव्याच पाहिलेल्या डोंगरांमागचे डोंगर, त्यावरची घरं, पलीकडचं गाव, सगळं दिसायला लागलं. "आम्हाला माहीतच नव्हतं, ते इतके जवळ राहतात."

माझ्या आईची बोलण्याची तऱ्हा हीच होती. थोरला पानशेतच्या आधीचा, धाकटी पानशेतनंतरची. धाकटी म्हणजे मी. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. आमच्या वाड्याच्या आतल्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर, त्या पाण्याची रेघ होती. दिवाळीला चुना देताना आजोबा तेवढी पट्टी सोडायला सांगत. वाडा पाडून इमारत झाली, रेघ गेली. आता तिथे पार्किंग आहे.

रोझोच्या वनस्पती उद्यानात त्यांनी अशी एक रेघ ठेवली आहे. २९ ऑगस्ट १९७९ला, देश स्वतंत्र होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा, डेव्हिड नावाचं वादळ आलं. उद्यानात एक शाळेची बस उभी होती, रिकामी. तिच्यावर गोरखचिंचेचं अजस्र झाड आडवं पडलं. बस चपटी झाली, माझ्या कमरेएवढी. ती त्यांनी हलवली नाही. आजही पिवळा पत्रा, खिडक्यांच्या चौकटी आणि चाकं त्या बुंध्याखाली तशीच आहेत. झाड मात्र मेलं नाही. आडव्या बुंध्यातून नवे फाटे सरळ वर गेले, त्यांचंच आता मोठं झाड झालं आहे. आम्ही गेलो तेव्हा शाळेतली काही मुलं सावलीत बसून चिप्स खात होती. त्यांच्यातल्या कुणीही बसकडे पाहत नव्हतं. मी बराच वेळ पाहत उभी राहिले, मग नवरा म्हणाला, "चल, स्टेडियम बंद होईल."

स्टेडियम म्हणजे विंडसर पार्क. उद्यानापासून चालत जाण्याजोगं, मागे डोंगर, कुलूप लावलेलं. फाटकाच्या गजांतून नवऱ्याने पाऊण तास मैदान पाहिलं आणि मला २०११चा कसोटी सामना ऐकवला: सात गडी हातात, पंधरा षटकं शिल्लक, ८६ धावा हव्या, आणि धोनीने अनिर्णित मान्य केला. तेरा वर्षं झाली, त्याचा राग ताजा आहे. मग राग ओसरला आणि २०२३चा सामना सुरू झाला, मुंबईच्या यशस्वी जयस्वालने पहिल्याच कसोटीत इथे १७१ केल्या तो. तो सामना १२ जुलैला सुरू झाला होता. ही तारीख तो सहज बोलून गेला. मी ऐकली आणि काही बोलले नाही.

मालकीणबाईंनी शेवटच्या रात्री विचारलं, भारतात नेमकं कुठे? पुणे म्हटल्यावर चेहरा कोरा. मुंबईपासून जवळ म्हटलं, थोडा उजळला. मग मला सुचलं. कोविडची लस भारतातून आली होती ना तुमच्याकडे? २०२१च्या फेब्रुवारीत भारताने डॉमिनिकाला कोविशील्डचे ७०,००० डोस भेट दिले. बेटावर माणसं साधारण तेवढीच, आणि त्यातून त्यांनी शेजारच्या बेटांनाही वाटा दिला. ती लस बनली तो सीरमचा कारखाना आमच्या गावात आहे, हडपसरला. बाईंनी दंडावरची बाही वर केली, टोचल्याची जागा दाखवली, जणू खूण अजून असेल. मग आत जाऊन पेरूच्या जेलीची बाटली आणून दिली. आम्ही शनिवारातली माणसं. हडपसरचं श्रेय घ्यायचा आम्हाला काय अधिकार! पण बाटली घेतली.

पूर्व किनाऱ्यावर कालिनागोंचा मुलूख आहे, ३,७०० एकर, १९०३ साली राखून ठेवलेला. कॅरिबियन समुद्राला ज्यांच्यावरून नाव पडलं ते हे लोक. इतर बहुतेक बेटांवरून ते पुसले गेले, इथल्या डोंगरांनी त्यांना लपायला जागा दिली. जमीन सगळ्यांच्या मालकीची, विकता येत नाही. २०२३च्या ऑक्टोबरात सिल्व्हेनी बर्टन देशाच्या अध्यक्ष झाल्या, पहिल्या स्त्री आणि पहिल्या कालिनागो. रस्त्याकडेच्या एका खोपटात एक बाई मोठ्या तव्यावर कसाव्याची भाकरी भाजत होत्या. कसावा म्हणजे ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तो कंद. किसायचा, पिळून विषारी रस काढायचा, चाळायचा, मग तव्यावर पसरायचा. पाणी नाही, तूप नाही. खमंग आणि कोरडी, थालीपिठाची लांबची बहीण. त्या दिवशी एकादशी होती की नाही ते पाहिलं नाही, पण उपासाला ती चालावी असं माझं स्वच्छ मत आहे. या बेटांवरच्या जुन्या भाषांतूनच बटाटा आणि पपई हे शब्द स्पॅनिश-पोर्तुगीजांच्या तोंडून फिरत आपल्याकडे आले. बाईंना मी "बटाटा" म्हणून दाखवलं. त्यांनी रताळ्याकडे बोट केलं. मूळ अर्थ त्यांचाच बरोबर.

समुद्राचं थोडक्यात सांगते. पुळणी काळ्या, ज्वालामुखीच्या वाळूच्या, आणि थोड्याच. शॅम्पेन रीफला समुद्राच्या तळातून वायूचे बुडबुडे रांगेने वर येतात. डोळ्यांना काच लावून तोंड पाण्यात घातलं की सोड्याच्या बाटलीत पोहल्यासारखं वाटतं. पश्चिम किनाऱ्याच्या खोल पाण्यात दोनशेच्या आसपास स्पर्म व्हेल राहतात. २०२३च्या नोव्हेंबरात सरकारने त्यांच्यासाठी जवळपास ८०० चौरस किलोमीटर समुद्र राखीव करायचं जाहीर केलं. देशापेक्षा देवमाशांची जागा मोठी. आपल्या वर्तमानपत्रांत हा प्राणी फक्त "व्हेलची उलटी जप्त" या मथळ्याखाली भेटतो. आम्हाला चार तास बोटीत बसून एकदा पाठ आणि एकदा शेपूट दिसली. नवऱ्याने त्या वेळी नेमका कॅमेऱ्याचा सेल बदलायला घेतला होता.

तक्रारीही आहेत. महाग आहे; छोट्या बेटावर बहुतेक सगळं बोटीने येतं. निळं पाणी, पांढरी वाळू आणि आडवं पडायची खुर्ची हवी असेल तर बार्बाडोसला जा, इथे चिडचिड होईल. सरकार परदेशी श्रीमंतांना पैसे घेऊन नागरिकत्व देतं आणि त्या पैशांतून घरं, रस्ते बांधतं; वादळाने दर थोड्या वर्षांनी सगळं मोडणाऱ्या देशाला त्यावरून उपदेश करायला मी जाणार नाही. झेंड्यावर सिसेरू पोपट आहे, जांभळ्या पोटाचा. प्रत्यक्षात तो आम्हाला दिसला नाही. मारियानंतर फारच थोडे उरलेत.

तर काका, बघण्यासारखं हे आहे. कोरडा हंगाम जानेवारी ते मे. कोरडा म्हणजे दिवसातून दोन सरी. लंडनमार्गे बार्बाडोस गाठायचं आणि तिथून छोटं विमान. अमेरिकेतून जायचं तर तिथला व्हिसा आधी काढा. बॉयलिंग लेकला गाईडशिवाय जाऊ नका, पहाटे निघा, आणि बूट शिलाई मारलेलेच घ्या. पिशवीत एक नाडी असू द्या.